फुलांची गिरणी

दोस्तांनो, या आठवड्यात खरं तर आपण इंग्रजीतल्या मुक्या अक्षरांची गंमत बघणार होतो. पण मधेच एक पत्र आलं आणि बेत बदलला. पत्र आहे नववीतल्या एका मैत्रिणीचं. नाव-गाव छापू नका असं तिनं दोनदा बजावलंय, एकदा सुरुवातीला आणि एकदा 'ता. क.' मध्ये. तेव्हा आपण तिला नुसतं 'मैत्रीण' म्हणू या.

झालं काय, तिला दोन दिवसांची रजा हवी होती. अर्ज इंग्रजीतून लिहायचा असा शाळेचा नियम. तिनं छान अक्षरात लिहिलं, 'टू, द प्रिन्सिपल'. स्पेलिंग केलं पी-आर-आय-एन-सी-आय-पी आणि पुढं एल-ई. सरांनी तो अर्ज वर्गापुढं मोठ्यानं वाचला, तोही मराठीत, "प्रति, माननीय तत्त्व यांस!" वर्ग खो-खो हसला. मधली सुट्टी व्हायच्या आत तिचं 'तत्त्वबाई' असं बारसंही होऊन गेलं. ती लिहिते, "काका, ऐकायला शब्द एकच, मग लिहायला दोन कशाला ठेवलेत? मी आता इंग्रजीच्या तासाला हात वर करत नाही. येत असलं तरी करत नाही."

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. कारण असा खाली गेलेला एक हात मला चांगला माहीत आहे. तो माझाच होता. ती गोष्ट आजवर या पानावर सांगितली नव्हती. आज सांगतो.

(त्याआधी नव्या वाचकांसाठी आपल्या सदराचा नियम : इथलं स्पेलिंग नुसतं डोळ्यांनी वाचायचं नाही. पाढ्यासारखं मोठ्यानं म्हणायचं. घरचे ओरडले तर माझं नाव सांगा.)

१९७८ साल. मीही तेव्हा नववीत. आमच्या आत्याची पिठाची गिरणी होती. जुनं डिझेल इंजिन काढून तिनं बँकेच्या कर्जातून विजेची मोटर बसवली होती आणि बँकेचे साहेब ते बघायला येणार होते. आत्या म्हणाली, "दारावर इंग्रजी पाटी पायजे. साहेबास्नी कळलं पायजे." घरात इंग्रजी शिकणारा मी एकटाच. पत्रा आला, पांढऱ्या आणि लाल ऑइलपेंटचे डबे आले, ब्रश आला.

आता गंमत बघा. आमच्या गावात सगळे 'फ्लोअर मिल' म्हणायचे. पण एफ-एल-ओ-ओ-आर म्हणजे जमीन, मजला, हे मला ठाऊक होतं. म्हणजे त्या खड्ड्यात मी पडणार नव्हतो! मी एका कॉलेजवाल्या दादाला विचारलं. तो म्हणाला, "अरे, खरे इंग्रज त्याला 'फ्लाउअर' म्हणतात." दादाचं अगदी बरोबर होतं. पण स्पेलिंग ना मी विचारलं, ना त्यानं सांगितलं. मी पत्र्यावर हातभर उंचीच्या लाल अक्षरांत रंगवलं, एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर, आणि पुढं मिल.

साहेब आले. पाटीकडे बघून थबकले, आणि दळणाचे डबे घेऊन बसलेल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "काय हो बाई, तुमच्याकडं फ्लॉवर दळून मिळतो वाटतं? आणि कोबी?" बरोबरचे दोघं हसले. बायकांनाही 'कोबी' तेवढा कळला, त्याही हसल्या. आत्यासुद्धा हसली, पाहुण्यांबरोबर हसायचं म्हणून. साहेब गेल्यावर तिनं मला विचारलं, "काय रं, साहेब कशाला हसलं?"

मी म्हणालो, "काय माहीत."

त्यानंतर दळण घेऊन जायचं काम मी धाकट्या भावावर ढकललं. गिरणीसमोरून जायला लागू नये म्हणून ओढ्याकाठच्या लांबच्या वाटेनं शाळेला जायला लागलो. पाटी मात्र तशीच राहिली.

चार वर्षांनी, १९८२ मध्ये, कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश हाती लागला. शब्दाचा अर्थच नव्हे तर शब्दाची जन्मकथा सांगणारा. मी गुपचूप एफ-एल-ओ-यू-आर काढला, म्हणजे पीठ. आणि खुर्चीत ताठ बसलो. कारण तिथं लिहिलं होतं की हा शब्द मुळात 'फूल' हाच शब्द आहे!

पूर्वी गहू दळून चाळल्यावर जो सगळ्यात बारीक, पांढरा, उत्तम भाग निघायचा, त्याला 'गव्हाचं फूल' म्हणत. आपल्याकडं सपीट म्हणतात ना, तसलं. फ्रेंच भाषेत असं म्हणायची पद्धत होती आणि इंग्रजीनं हा शब्द तिथूनच उचलला. शेकडो वर्षं फूल आणि पीठ ही दोन्ही एकाच शब्दात नांदली. स्पेलिंगही ज्याला जसं सुचेल तसं. १७५५ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा गाजलेला इंग्रजी शब्दकोश निघाला. त्यातसुद्धा पिठाला वेगळं स्पेलिंग नाही. फुलाच्याच स्पेलिंगखाली, फुलाच्याच पोटात पिठाचा अर्थ! दोघांची पक्की वाटणी झाली ती त्याच्याही नंतर.

म्हणजे बघा, माझी पाटी चुकलेली होती खरी, पण ती एखाद्या इंग्रज गिरणीवाल्याच्या दारावर दोन-अडीचशे वर्षं आधी लागली असती, तर तिला कुणी हसलं नसतं.

मी त्याच दिवशी आत्याला कार्ड टाकलं. साहेब का हसले ते लिहिलं, मी खोटं बोललो होतो तेही लिहिलं, आणि फुलाची ही सगळी हकिकत लिहिली. आत्याला लिहिता येत नव्हतं. तिनं शेजारच्या पोराकडून उत्तर लिहवून घेतलं. ते असं होतं : 'पाटीचं मला त्याच दिशी सांजच्याला कंपाउंडरनं सांगितलं हुतं. लाल रंग अर्धा डबा उरला हुता. तू येऊन नीट करशील म्हणून झाकून ठेवला. आता फूलच म्हणत असतील तर ऱ्हाऊ दे.'

असो. आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडं येऊ. ऐकायला एक, तर लिहायला दोन कशाला?

उत्तर असं, की यातले पुष्कळ शब्द एकेकाळी ऐकायलाही दोनच होते. 'नाइट' घ्या. एन-आय-जी-एच-टी म्हणजे रात्र. त्याच्याआधी 'के' लावला की झाला चिलखत घालून घोड्यावर बसणारा सरदार. हा 'के' आज मुका आहे, पण जुन्या काळी तो चांगला खणखणीत बोलायचा. 'जी-एच' सुद्धा बोलायचे, घशातून, आपल्या 'ख' च्या जवळपास. तेव्हा सरदाराला म्हणत साधारण 'क्निख्त'. जर्मन भाषेत त्याचा भाऊ अजून 'क्नेख्त' म्हणून हिंडतो, 'क' सकट. १४७६ च्या सुमारास विल्यम कॅक्स्टन यानं इंग्लंडात पहिला छापखाना काढला. छापखाने वाढले तशी स्पेलिंगं हळूहळू खिळ्यांत पक्की होत गेली. बोलणारी तोंडं मात्र कुणाच्या खिळ्यात बसतात? ती बदलत राहिली. 'के' बोलायचा थांबला, कागदावर तसाच उभा राहिला.

मांस आणि भेटणं, दोन्ही 'मीट'. समुद्र आणि पाहणं, दोन्ही 'सी'. एकात ई-ए, दुसऱ्यात ई-ई. चारशे वर्षांपूर्वी पुष्कळ इंग्रजांच्या तोंडी हे दोन वेगळे स्वर होते. मग ते एकमेकांत मिसळले. स्पेलिंग म्हणजे जुन्या वाड्याची चौकट म्हणा ना! वाडा पडला, चौकट उभी आहे.

आणि इंग्रजीलाच नावं ठेवू नका हं. आपण 'षटकोन' लिहितो आणि म्हणतो काय? शटकोनच! 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. बोलताना यात किती जण फरक करतात, ते घरी आजोबांना म्हणायला लावून बघा.

तर कान जिथं उपयोगाचा नाही, तिथं काय करायचं? घोकंपट्टी हा एक उपाय. मला तो कधी जमला नाही. मी शब्दाची नातेवाईक मंडळी शोधतो.

मैत्रिणीचा 'प्रिन्सिपल' बघू. दोघांचा पूर्वज एकच, लॅटिनमधला 'पहिला' अशा अर्थाचा शब्द. 'प्रिन्स'ही त्याच घरातला. पण ज्याच्या शेवटी ए-एल, त्याचा मूळ अर्थ 'मुख्य'. सेंट्रल, नॅशनल, मेडिकल, ही सगळी ए-एल वाली विशेषणं त्याची भावंडं. शाळेतला मुख्य माणूस तो प्रिन्सिपल. आणि हो, व्याजाच्या गणितात 'पी' असतो ना, मुद्दल? तोही हाच, ए-एल वाला. व्याज मागून चिकटतं, मुद्दल ही मुख्य रक्कम. दुसरा एल-ई वाला म्हणजे तत्त्व, नियम. विज्ञानाच्या पुस्तकातलं आर्किमिडीजचं प्रिन्सिपल हे. लिहिताना मनात विचारायचं, 'इथं मुख्य असा अर्थ बसतो का?' बसला तर ए-एल. मैत्रिणीच्या शाळेत मुख्याध्यापक बसतात, म्हणजे प्रश्नच मिटला.

'स्टेशनरी'ची कथा तर मला फार आवडते. ए-आर-वाय वाला शब्द म्हणजे जागेवर स्थिर असलेला. ई-आर-वाय वाला म्हणजे वह्या, कागद, पाकिटं. आता वह्यांचा आणि स्थिर असण्याचा काय संबंध? आहे! मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते डोक्यावर नाहीतर पाठीवर माल घेऊन गावोगाव फिरत. पुस्तकं विकणारे मात्र विद्यापीठाजवळ ठाण मांडून बसत. एका जागी दुकान असलेला म्हणून तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये १४०३ सालीच अशा मंडळींचा संघ झाला होता. मग बेकरची जशी बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. बेकरीच्या शेवटी काय? ई-आर-वाय. झालं!

तिसरी जोडी दिवाळी अंकातली. अंकामागं पानपानभर जाहिराती असतात, 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम' अमुक ट्रेडर्स. या शब्दात एल नंतर आय हवा. तो शुभेच्छांचा, कौतुकाचा. एल नंतर ई आला की अर्थ होतो पूर्ण करणारा. 'कम्प्लीट' मध्ये तोच ई आहे, लक्षात ठेवायला सोपं. भूमितीत ९० अंश पुरे करणारे कोटिकोन असतात, त्यांच्या इंग्रजी नावात हाच ई. यंदा दिवाळी अंक आले की शोधा बरं, कुणी शुभेच्छांऐवजी कोटिकोन पाठवलेत! मला दरवर्षी एक तरी सापडतो.

बारक्यासारक्या जोड्या झटपट उरकू. 'हिअर' मध्ये कान म्हणजे ई-ए-आर लपलेला असला तर ते ऐकणं. 'देअर' मध्ये एच-ई-आर-ई, म्हणजे 'इथं' हा शब्द लपलेला असला तर ते 'तिथं'. नाहीतर ते 'त्यांचं'. 'इट्स' लिहिताना वर स्वल्पविराम टांगायचा की नाही, असा घोळ झाला तर 'इट इज' असं सुटं म्हणून बघा. वाक्य चाललं तर टांगा, नाहीतर नको. आणि मोबाइलवर लिहिताना शब्दाखाली लाल रेघ आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. फूलही खरा शब्द, पीठही खरा शब्द. यंत्र बऱ्याचदा गप्प बसतं.

आता जरा आपल्या जिभेकडं वळू. कारण काही शब्द इंग्रज माणूस अगदी वेगळे म्हणतो आणि आपण मराठी माणसं त्यांना जुळे करून टाकतो.

नमुना बघा. एक पेशंट डॉक्टरांना म्हणाला, "आय हॅव अ पेन." डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडंही आहे, खिशात!" लिहायचा 'पेन' तोडून म्हणायचा, पटकन. दुखण्यातला ए लांबवायचा आणि शेवटी बारीक 'इ' कडं न्यायचा, 'पेइन'. टेस्ट आणि टेइस्ट, गेट म्हणजे मिळवणं आणि गेइट म्हणजे फाटक, लेटर आणि लेइटर. आपल्या लिपीनं इंग्रजीसाठी चंद्र काढून दिला, म्हणून 'बॅड' आणि 'बेड' हे वेगळे लिहिता येतात. पण हे आखूड-लांब 'ए' दाखवायला वेगळं चिन्ह आपण वापरत नाही. मग डोळ्याला एक दिसतं आणि तोंडाला एकच सवय लागते.

सगळ्यात मोठी खिचडी 'सेल' ची. टॉर्चमधला सेल, विकण्याचं क्रियापद सेल आणि साड्यांचा सेल. पहिले दोन इंग्रजांच्या तोंडीही अगदी सारखे. टॉर्चवाल्याच्या सुरुवातीला सी, विकण्याच्या सुरुवातीला एस, शेवटी दोघांनाही दोन-दोन एल. तिसरा मात्र 'सेइल', एस-ए-एल-ई. याला त्या जुळ्यांत नेऊन बसवलं ते आपण. म्हणून तर 'घर विकणे आहे' च्या पाटीवर 'फॉर' लिहून पुढं एस-ई-डबल एल लिहिलेलं दिसतं. पाटी लिहिणारा कानावर विसंबला, आणि कान होता मराठी.

'व' चंही तसंच. पश्चिम दिशा 'वेस्ट', आणि अंगातला बनियन 'व्हेस्ट'. लिहिताना आपण 'व्ह' काढून वाट शोधलीय, व्हॉलीबॉल, व्हरांडा, व्हिटॅमिन. पण बोलताना? आरशासमोर उभे राहा. 'व्ही' साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि भुंग्यासारखा आवाज काढा. 'डब्ल्यू' साठी दातांना रजा द्या, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करा आणि 'उएस्ट' म्हणा. चार दिवसांत जमतं. नाही जमलं तर मित्राच्या कवितेला 'व्हर्स' म्हणायला जाल आणि तोंडातून 'वर्स' निघेल, म्हणजे 'आधीपेक्षा वाईट'. मैत्री जाईल बिचारी!

मैत्रिणी, तुझ्या पत्रात एकूण अकरा इंग्रजी शब्द होते. मी मोजले. अकराच्या अकरा बरोबर. तेव्हा येत्या इंग्रजीच्या तासाला सरांना एवढंच विचार, "सर, पीठ आणि फूल हे एकच शब्द होते का?" हात वर करूनच विचार. काय झालं ते मला कळव.

आणि आता सगळ्यांसाठी या आठवड्याचं डोकेफोड :

१. शाळेजवळच्या दुकानावर पाटी आहे 'स्कूल स्टेशनरी', शेवटी ए-आर-वाय. या पाटीचा अर्थ काय होईल?

२. जत्रेतल्या एका स्टॉलवर लिहिलंय, 'हॉट' आणि पुढं एस-एन-ए-के-ई-एस. तुम्ही खाल का? का नाही?

३. मित्रानं पत्रात लिहिलंय, 'आय वाँट पीस', स्पेलिंग पी-आय-ई-सी-ई. त्याला काय हवं होतं आणि त्यानं मागितलं काय?

४. 'अवर प्रिन्सिपल हॅज वन प्रिन्सिपल.' दोन्ही शब्दांची स्पेलिंगं लिहा. हे वाक्य आधी आमच्या मैत्रिणीनं सोडवायचं. बाकीच्यांनी तोवर थांबायचं.

उत्तरं पुढच्या अंकात.